गोल शून्य, मुक्काम अकरा वर्षं

लीगचे 200 सामने आणि त्यांत गोल एकही नाही. लुकास रादेबे या दक्षिण आफ्रिकी बचावपटूच्या, इंग्लंडमधल्या लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबमधल्या कारकिर्दीचा हा कागदावरचा हिशेब. आणि तरीही लीड्समध्ये पन्नाशीच्या आसपासच्या कुणाहीसमोर त्याचं नाव काढून बघा. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ एरवी 'मॉर्निंग'च्या पुढे बोलत नाहीत. रादेबेची एक स्लायडिंग टॅकल समजावून सांगायला ते खुर्चीवरून उठले आणि कार्पेटवर पाय पसरून बसले. समोरचा फॉरवर्ड कोण होता, हे त्यांना आठवेना. स्कोअरही आठवेना. पण चेंडू कसा काढून घेतला आणि त्या फॉरवर्डला हात देऊन कसं उठवलं, हे सगळं जसंच्या तसं.

हे आज लिहायचं कारण कोल्हापूर. मी मूळचा तिथला, आता लीड्समध्ये राहतो, आणि आमच्या भावंडांच्या ग्रुपवर दर मोसमात एकच भांडण होतं. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: तिथे फुटबॉल तालमींचा असतो. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नुसती संघांची नावं नाहीत, त्यांच्यामागे पेठा उभ्या असतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की गॅलरी भरते आणि घराघरांत दोन तट पडतात. गेल्या काही वर्षांत या संघांमधून आफ्रिकी देशांतले खेळाडू खेळू लागले, आणि तेव्हापासून वाद पेटला आहे. एक बाजू म्हणते, बाहेरचे आणले की पेठेतली पोरं बाकावर बसतात. दुसरी म्हणते, त्यांच्यामुळे खेळाची पातळी वाढली. माझा चुलतभाऊ पहिल्या बाजूचा, भाचा दुसऱ्या. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही अर्धंच पटतं, ते रादेबेमुळे.

रादेबे सोवेटोचा. 1994 साली कायझर चीफ्स या क्लबकडून अडीच लाख पौंडांत लीड्सला आला. बरोबर फिलेमोन मसिंगा नावाचा स्ट्रायकर होता. इथले जुने लोक हसत सांगतात की खरा सौदा मसिंगाचाच होता, परक्या गावात त्याला एकटं वाटू नये म्हणून सोबतीला रादेबे. सुरुवातीचा काळ त्याला वाईट गेला. थंडी, दुखापती, आणि मॅनेजर हॉवर्ड विल्किन्सन त्याला नियमित खेळवेना. आजच्या कोल्हापुरी रिवाजाने पहिल्याच मोसमाअखेर परतीचं तिकीट हातात पडलं असतं.

लीड्सने त्याला ठेवून घेतलं. एप्रिल 1996 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध सामना होता. सामना सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती तोच लीड्सचा गोलकीपर मार्क बीनी याला लाल कार्ड मिळालं. बाकावर दुसरा गोलकीपर नव्हता. लहानपणी गोलमध्ये उभा राहिलेला रादेबे पुढे आला, ग्लोव्ह्ज चढवले आणि उरलेला तासाभराचा खेळ त्या वर्षीच्या विजेत्यांसमोर उभा राहिला. रॉय कीनने शेवटी एक गोल केलाच, 1-0. पण लीड्सची टीम दहा जणांत इतकी चिवट खेळली की मँचेस्टरचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन चिडून म्हणाले, हे लोक इतरांविरुद्ध असे का खेळत नाहीत? त्यावरून विजेतेपदाच्या शर्यतीतल्या न्यूकॅसलचे मॅनेजर केव्हिन कीगन टीव्हीवर भडकले, आणि इंग्लिश फुटबॉलमधला तो प्रसिद्ध संताप जन्माला आला. त्या संतापाची क्लिप सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या मुळाशी ग्लोव्ह्ज घातलेला एक स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, आहे, हे फक्त लीड्सवाले सांगतात.

पुढे मॅनेजर म्हणून जॉर्ज ग्रॅहम आले, त्यांनी त्याला बचावाचा कणा केलं. 1998 पासून तो कर्णधार. त्याच वर्षी आणि 2002 मध्येही वर्ल्ड कपला दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार तोच. मोठ्या क्लबांचे डोळे त्याच्यावर होते, तो गेला नाही. एप्रिल 2001 मध्ये नेल्सन मंडेला लीड्सला आले, तेव्हा रादेबेकडे बघून 'हा माझा हिरो' म्हणाल्याचं इथे अजून अभिमानाने सांगतात. (त्याच भेटीत मंडेलांनी लीड्सला चुकून लिव्हरपूल म्हटलं होतं. ते कुणी आपणहून सांगत नाही.) मग दुखापतींनी त्याची वर्षं खाल्ली आणि कर्जाने क्लबला खाल्लं. चॅम्पियन्स लीगच्या पुढच्या कमाईच्या भरवशावर उधळलेला पैसा अंगावर आला, एकेक खेळाडू विकला गेला, 2004 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, स्टेडियमसुद्धा विकावं लागलं. मे 2005 मध्ये रादेबेच्या निरोपाचा सामना झाला तेव्हा दाखवायला ना ट्रॉफी होती ना तिजोरीत काही. लीड्सच्या एलँड रोड मैदानावर 37 हजारांहून जास्त माणसं आली.

पुढे इथल्या एका ब्रुअरीने नव्या बिअरसाठी नाव सुचवा म्हटलं, तर लोकांनी 'रादेबिअर' सुचवून हैराण केलं. आणि लीड्सच्या एका रॉक बँडने सोवेटोतल्या त्याच्या जुन्या क्लबचं नाव स्वतःला घेतलं. माझ्या पाहण्यात बचावपटूचं इतकं कौतुक कुठेच नाही. आपल्याकडे तर नाहीच. कोल्हापुरात जुन्या खेळाडूंच्या गप्पा निघतात त्या गोलच्या निघतात. स्टॉपरचं नाव निघतं ते तो चुकला तेव्हाचं.

लीड्सची माणसं मनाने फार मोठी म्हणून हे घडलं, असं मात्र समजू नका. रादेबेच्या तीस वर्षं आधी याच क्लबकडे दक्षिण आफ्रिकेचाच अल्बर्ट जोहानेसन हा विंगर होता. 1965 ची एफए कप फायनल तो खेळला, ती खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतात. प्रेक्षकांकडून त्याने काय काय ऐकून घेतलं ते वाचवत नाही. 1995 मध्ये तो याच शहरात एकटा, दारूच्या आहारी गेलेला असा मेला. रादेबे तेव्हा इथेच होता. 1980 च्या दशकात एलँड रोडच्या दाराशी वर्णद्वेषी पक्षांची पत्रकं उघड विकली जायची. ती बंद व्हावीत म्हणून 1987 पासून याच क्लबच्या काही चाहत्यांनी दाराशी उभं राहून स्वतःची पत्रकं वाटली. रादेबेला मिळालेलं गाव आयतं नव्हतं, कुणीतरी आधी ते झाडून ठेवलं होतं. आणि तरी जानेवारी 2000 मध्ये शहरात एका आशियाई विद्यार्थ्याला बेदम मारहाण झाली, त्या खटल्यात या क्लबचे खेळाडू आरोपी म्हणून उभे राहिले. त्यांतला एक सार्वजनिक ठिकाणच्या मारामारीबद्दल दोषी ठरला, बाकीचे सुटले. कर्णधार तेव्हा रादेबे होता. खेळाडूवर प्रेम आणि शेजाऱ्यावर संशय एकाच डोक्यात सुखाने नांदू शकतात.

आता घरच्या मोठ्या वादाकडे येतो. भारताच्या संघात परदेशी वाढलेले, भारतीय वंशाचे खेळाडू घ्यावेत का? मार्च 2025 मध्ये बांगलादेशकडून हमझा चौधरी शिलाँगला आपल्याविरुद्ध उतरला, तेव्हापासून भाच्याचा हा आवडता विषय. हमझा इंग्लंडमध्ये जन्मला, लेस्टरकडून वाढला. तेव्हा तो उसना म्हणून शेफिल्डकडून खेळत होता, माझ्या घरापासून ट्रेनने तासाभरावर. तो सामना बरोबरीत सुटला आणि नोव्हेंबरात ढाक्याला आपण 1-0 हरलो. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डवर देशाकडून खेळता येत नाही, म्हणून येणाऱ्याला पासपोर्ट सोडावा लागतो. रायन विल्यम्सने तो सोडला, ऑस्ट्रेलियाचा. त्याचे आजोबा 1950 च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळले होते. त्याआधी अराता इझुमीने जपानचा सोडला होता. वडील गुजराती, आई जपानी, आणि क्लब पुण्याचा.

पुणे एफसी. इथे माझं भाच्याशी वाजतं. हा क्लब 2012-13 मध्ये आय-लीगला, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगला, दुसरा आला होता. प्रशिक्षक डेरिक परेरा, गोव्याचे, साळगावकरचे जुने बचावपटू. त्यांनीच 2005-06 मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसीचाही काही वर्षांत गाशा गुंडाळला गेला. साळगावकरने 2016 मध्ये आय-लीग सोडली. परेरांच्या बचावाच्या आठवणी काढायला पुण्यामुंबईतले चाहते जमणार कुठे? लीड्स बुडाला, 2007 मध्ये पंधरा गुणांच्या दंडासह तिसऱ्या श्रेणीत गेला, पण रंग तोच राहिला, मैदान तेच राहिलं आणि समोरचा 'ओल्ड पीकॉक' पबही. तिथे बाप पोराला रादेबे सांगत राहिला. आपण कंपनीचा विचार बदलला की क्लब बंद करतो आणि मग दिल्लीत बैठका घेतो की संघासाठी कुठल्या देशातून कोण आणावं.

कोल्हापूर या बाबतीत पुण्यामुंबईच्या कितीतरी पुढे आहे. तालीम बंद पडत नाही. तिला मालक नाही, पेठ आहे. रादेबे व्हायला लागतं ते सगळं तिथे आहे, एक गोष्ट सोडून: आणलेला खेळाडू काही महिन्यांत निघून जातो. पुढच्या मोसमात तोच कदाचित समोरच्या तालमीच्या जर्सीत दिसतो. लोकांनी जीव लावायचा कधी? 'बाहेरचा की आपला' यावर आम्ही घसा बसेपर्यंत भांडतो, आणि त्याला किती काळ राहू देणार हे कुणी विचारत नाही. ओल्ड ट्रॅफर्डचा तो सामना सोडला तर रादेबेचे पहिले दोन मोसम कुणालाच आठवत नाहीत, कारण त्यात आठवण्यासारखं फारसं काही नव्हतं.

गंमत अशी की हाच प्रश्न आता ब्रिटनमध्ये माझ्यासारख्यांना विचारला जातोय. परदेशातून आलेल्या नोकरदाराला इथे कायमचं राहण्याची परवानगी आजवर साधारण पाच वर्षांत मिळायची. ते दहा वर्षं करायचं सरकारने 2025 मध्ये मांडलं. ऑफिसातल्या त्या गृहस्थांना ते योग्य वाटतं. 'आधी रुळू दे की माणसाला,' म्हणाले. मी म्हटलं, कायमचं राहता येईल हे कळेपर्यंत माणूस रुळत नाही, भाड्याच्या घरात भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाही. त्यावर त्यांनी विचार केला आणि रादेबेच्या करारांचा विषय काढला. बोलणं अर्थातच फुटबॉलवर घसरलं आणि माझा मुद्दा राहून गेला.

तरी चुलतभावाला मी एक सुचवलं. तालमींनी आपसात ठरवावं: बाहेरचा खेळाडू घ्यायचा तर किमान तीन मोसमांसाठी, आणि त्यात एक जागा बचावपटूचीच. स्ट्रायकर गोल करून विकला जातो, स्टॉपर पेठेत मुरतो. आणि संध्याकाळी त्याने तालमीतल्या पोरांना शिकवायचं, म्हणजे बाकावर बसणाऱ्या पोरांचाही प्रश्न थोडा हलका होईल. हे मी बऱ्यापैकी लांबलचक, मुद्देसूद लिहून पाठवलं.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तीन मोसम त्याच्या राहण्याजेवणाचं कोण बघणार, व्हिसाचे हेलपाटे कोण घालणार, वर्गणी कुणाच्या दारात मागायची? आणि खाली एक ओळ: 'दादा, आधी तू ये. तीन मोसम राहून वर्गणी गोळा कर. मग स्टॉपरचं बघू.'