थापणार कोण?

आमच्या ह्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाली. ५.७ च्या खाली असती तर विषय तिथंच मिटला असता, ६.५ ला टेकली असती तर गोळी सुरू झाली असती. ही निघाली बरोबर मधली. डॉक्टरांनी औषध दिलं नाही, सल्ला दिला. गोड बंद, मैदा बंद, रोज चालायला जा. सल्ला ह्यांना दिला आणि अंमलबजावणी माझ्याकडे आली.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, रिपोर्टवरचा आकडा विचारून घेतला आणि त्यांना धीर आला. "सहाच की! तुझ्या सासऱ्याची तीनशेवर गेल्ती. तरी पंगतीत बुंदी सोडली नाही त्यांनी. ह्याला काहून उपाशी मारायलीस?" ती त्या घडीच्या साखरेची मोजणी आणि ही तीन महिन्यांच्या सरासरीची, हे मी एकदा समजावून सांगायला बसले. अर्ध्या तासानं त्याच मला समजावून सांगत होत्या.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीनं एक छापील कागद दिला होता. मुलगी गुणी, बोलायला गोड. कागदावर सकाळी ओट्स किंवा क्विनोआचा उपमा, अकरा वाजता चियाचं पाणी, दुपारी उकडलेली ब्रोकोली, संध्याकाळी अ‍ॅव्होकॅडो टोस्ट असं सगळं लिहिलेलं. मी दुकानात जाऊन क्विनोआचं पाकीट उलटं केलं, किंमत वाचली आणि जिथून उचललं तिथं नीट ठेवलं. तेवढ्या पैशांत आमच्याकडे पाच-सहा किलो ज्वारी येते. क्विनोआ मूळचा तिकडे पेरू-बोलिव्हियातल्या डोंगरांतला. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याची बडदास्त ठेवणं आमच्या ऐपतीत नाही.

आणि राहतो कुठं, तर परभणीत! इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या वाणांना गावाचंच नाव. परभणी क्रांती म्हटलं की भेंडी, परभणी मोती म्हटलं की ज्वारी. २०१८ साली तर 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी आली, जिच्यात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. एवढं सगळं दाराशी असताना पेरूकडे कशाला बघायचं? कागद फ्रिजला चिकटवला, त्यावर पेन्सिलीनं क्विनोआ खोडून ज्वारी लिहिली, चिया खोडून जवस लिहिलं, ब्रोकोलीच्या जागी घोळ आणि अंबाडी. अ‍ॅव्होकॅडोच्या जागी काही सुचलं नाही, तिथं शेंगदाणे लिहिले. हे म्हणाले, "वा! किती स्वस्तात झालं!"

हा 'स्वस्तात' शब्द मी तेव्हाच हिशेबात धरायला हवा, असं मला वाटून गेलं खरं.

कारण ज्वारी आणली म्हणजे भाकरी झाली असं नसतं. गव्हाची कणीक एकदा तिंबून झाकून ठेवली की चपात्या होत राहतात. ज्वारीचं तसं नाही. तिच्यात गव्हासारखा धरून ठेवणारा चिवटपणाच नसतो, म्हणून उकळतं पाणी घालून, एकेका भाकरीपुरतं पीठ काठवटीत तळहातानं रगडत बसावं लागतं. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडेनं तुटते, म्हणजे दर आठवड्याला गिरणीत नंबर लावायचा. माणसं पाच, भूक सातजणांची. भाकरी ताटात पडते तेव्हा फुगलेली असते आणि खाणारा म्हणतो, "आजीच्या हातची आठवण झाली." आठवण होते, पण कुणी उठून तवा धरत नाही.

२०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. त्या वर्षी इतकी भाषणं ऐकली! आपली आजी किती शहाणी, भाकरी हेच खरं सुपरफूड, पुन्हा परंपरेकडे वळा. बोलणाऱ्यांत पुरुषमंडळी जास्त, आणि त्यांतला एकही काठवटीकडे वळलेला माझ्या पाहण्यात नाही. माझ्या आजीला तर सणावाराला गव्हाची पोळी मिळाली की आनंद व्हायचा. तिचा शहाणपणा असा होता की दुसरं काही घरात नव्हतं.

बरं, ती ज्वारी तरी आता गरिबाची राहिलीय का? मराठवाड्यात बघता बघता सोयाबीन आणि कापूस पसरला, ज्वारी आक्रसली. हाताने काढायची, कणसं खुडायची, पाखरं राखायची, कडबा बांधायचा. एवढ्याला मजूर मिळत नाहीत. त्यामुळं अलीकडे कितीदा तरी बाजारात ज्वारी गव्हाच्या वर गेलेली असते. शेतातसुद्धा प्रश्न तोच, काढणार कोण.

भाज्यांचंही तेच. शनिवार बाजारातून येताना पिशवीभर पाला येतो आणि खिशाला काही लागत नाही. घोळ, तांदूळजा, चुका, करडईची कोवळी भाजी. आणि मग रात्री टीव्हीवर मालिका चालू असते, मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून घोळीची बारकी पानं माती झटकत खुडत असते. दोन तास खुडल्यावर परातभर भाजी होते, शिजल्यावर वाटीभर. ब्रोकोली का महाग असते ते मला त्या रात्री कळलं. तिला निवडावं लागत नाही.

प्रोटीनवरून घरात वेगळंच सुरू झालं. भाच्यानं पावडरीच्या डब्याचा फोटो पाठवला. मी हिशेब केला. मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, ह्यांचं वजन ७२, म्हणजे साठेक ग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतच पंचवीसेक असतं, फुटाण्यांत थोडं कमी, वर डाळ आहे, ताक आहे, हुलगे आहेत. डबा रद्द झाला आणि मी हुलगे आणले. हुलग्याचे शेंगोळे कधी केले असतील तर पुढचं सांगायला नको. नसतील केले तर एवढंच सांगते, की पीठ मळून एकेक शेंगोळं दोन तळव्यांत वळायचं असतं, आणि त्याआधी हुलग्यांतले खडे काढायचे असतात. हुलगा आणि खडा ह्यांचा रंग एकच.

पैशांची बाजूही सांगायला हवी. हे ज्या शाळेत नोकरीला आहेत ती कित्येक वर्षं विनाअनुदानित होती, म्हणजे पगाराला सरकारचा पैसा नाही. आता पहिल्या टप्प्यावर आलीय, म्हणजे २० टक्के अनुदान. पुढच्या टप्प्यासाठी ही मंडळी मुंबईत आझाद मैदानावर जाऊन बसतात, तिथून घरी फोन येतो, "इकडं वडापाव खायलो, चालतो का गं?" त्यामुळं आमच्याकडे 'परवडत नाही' हे वाक्य कुणी दुःखानं म्हणत नाही, ते व्याकरणाचाच भाग आहे.

अशा घरात लेकीनं वाढदिवसाला पौष्टिक केक मागितला. बेकरीचा नको, कारण बाबांना मैदा बंद. शाळेत कुणीतरी ज्वारीचा केक डब्यात आणला होता म्हणे. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण उगाच म्हणत नाही. तिकडे पावाचे शेकडो प्रकार भट्टीतून निघतात, आपल्याकडून निदान एक केक निघावा, असं ह्यांचं मत पडलं. मत देणं हे ह्यांचं खातं.

ओव्हन घ्यायचा प्रश्नच नव्हता. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ वर असताना घरात आणखी एक तापणारी वस्तू विकत आणायची, तीही हप्त्यानं? कुकरमध्येच करायचं ठरलं. रबर काढायचं, शिट्टी काढायची, तळाला मिठाचा जाड थर, त्यावर जाळी, दहा मिनिटं रिकामा तापवायचा आणि मग आत डबा ठेवायचा. आत्याबाई स्टूल घेऊन समोर बसल्या. "मिठाला भाजायलीस?" झालं. मग, "शिट्टीच काढली तर शिजलेलं कळावं कसं?" सुरी खुपसून बघायची, म्हटलं. त्यावर त्यांनी कुकरकडे असं काही पाहिलं की मीच सुरी परत ठेवली.

व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या होत्या, मैद्याच्या जागी ज्वारीचं पीठ घ्या, बाकी सगळं तेच. बाकी सगळं तेच नसतं. गव्हात ग्लुटेन असतं, त्याचं जाळं तयार होतं. दही आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, तो त्या जाळ्यात अडकतो आणि केक फुगतो. ज्वारीत ते जाळंच नाही. वायू आला, बुडबुडे काढले आणि निघून गेला. डबा ताटात उपडा केला तेव्हा केक पडला नाही, ओतला गेला. वास सुंदर होता. सगळ्यांनी वाट्या-चमचे घेतले, 'हॅपी बर्थडे' म्हटलं, आणि धाकट्यानं त्यावर शेव मागितली.

पुढं मी निम्मी कणीक मिसळायला लागले. चमचाभर जवसाची पूड तिप्पट पाण्यात भिजवली की बुळबुळीत होते, ती अंड्याचं काम करते. दोन काळी पडलेली केळी, जी फळवाला जवळजवळ फुकट देतो. आता वड्या पडतात, मुलं खातात. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. गूळ घातला की केक औषधी होतो, हे ज्यांनी पसरवलं त्यांनी गुळाला विचारलेलं नाही. रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. आमचे हे तिसरा तुकडा उचलताना "गुळाचा आहे ना" म्हणतात, तेव्हा मी डबाच उचलते.

खरी गंमत दिवाळीच्या तोंडावर झाली. आमच्याकडे अजून सामान घेऊन भट्टीवर जायची पद्धत आहे. रवा-मैदा-तूप-साखर आपलं, भाजणारे ते, मजुरी किलोवर. बायका स्टीलचे डबे घेऊन ओळीनं बसलेल्या, कुणाचं तूप कुणाच्या पिठात जाऊ नये म्हणून सगळ्यांचे डोळे परातीवर. मी ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, किसलेला गूळ नेला. भट्टीवाल्या मामूंनी पीठ चिमटीत धरलं. "जवारी है ना ताई? बनती नानखटाई, एकदम खस्ता बनती. लेकिन घी नको बचाओ."

मामूंनी चार शब्दांत सांगितलं ते बरोबर होतं. नानखटाईला फुगायचंच नसतं, जाळं नको असतं. तिला धरून ठेवतं ते तूप. ज्वारीचा जो दोष केकमध्ये नडला, तोच इथं गुण. फक्त तूप मी नेलं होतं त्याच्या दीडपट लागलं, म्हणजे पौष्टिकपणा भट्टीच्या दारातच राहिला. मामूंनी पत्रे लांब दांड्यानं आत सारले, जिथं आच उतरलेली होती तिथं, आणि बरोबर वेळेला काढले. घड्याळ नाही, सुरी नाही. मी नुसती बसून होते. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मी खाण्याचा पदार्थ तयार होताना नुसती बसून होते.

मग वजनकाटा लागला, किलोला मजुरी सांगितली, मी दिली. शेजारची एक बाई घासाघीस करायला लागली तर मामू म्हणाले, "ताई, हाथ की मेहनत है." ती गप्प बसली. मी मात्र घरापर्यंत तेच घोळवत आले.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर दरपत्रक लिहिलं आणि फ्रिजवर त्या आहाराच्या कागदाशेजारी लावलं. भाकरी थापणे, प्रति नग. घोळ निवडणे, प्रति जुडी. हुलग्यातले खडे, प्रति किलो. शेंगोळे वळणे, प्रति वाटी. केक, ठरवून. आत्याबाईंच्या शंकांचं निरसन, प्रति तास. हे शेवटचं मी नंतर खोडलं, पण वाचता येईल इतपतच.

ह्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. शाळेत पगारबिलं तपासताना लागते तशी शांतता पसरली. मग घसा खाकरून म्हणाले, "सध्या विनाअनुदानित तत्त्वावर नाही का चालणार?"

"टप्पा अनुदानावर चालेल," मी म्हटलं. "पहिला टप्पा वीस टक्के. पाचातली एक भाकरी मी थापीन."

"आणि बाकीच्या चार?"

"पुढचे टप्पे कधी मिळतात ते तुम्हालाच ठाऊक."

बिचारे हसले आणि बाह्या वर करून काठवटीपुढं बसलेसुद्धा. पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं, मग पुन्हा पाणी. मुलं मोबाइल घेऊन शूटिंगला आली. आत्याबाईंनी जपमाळ खाली ठेवली, मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि आधी पुढचं दार लावून आल्या.

"समोरची सगळी बघायलेत," म्हणाल्या. मग त्याच्या शेजारी बसून म्हणाल्या, "एवढं दाबू नको रे. कडेकडेनं थाप."