‘बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही’ म्हणणाऱ्यांना

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज पुन्हा आला. ‘बीपीची गोळी म्हणजे जन्माची गुलामी. एकदा लागली की सुटत नाही, किडन्या निकामी होतात. वय अधिक शंभर एवढं बीपी नॉर्मलच असतं. गोळी बंद करा, सैंधव वापरा, रोज लसूण चावा.’ लगेच दोघांनी हात जोडले. मला गप्प बसवत नाही, कारण माझ्या थोरल्या मामांनी असंच काहीतरी ऐकून गोळी सोडली होती.

‘लागते’ हा शब्दच चुकीचा आहे. व्यसनात शरीर अजून मागतं, मिळालं नाही की तळमळतं. बीपीच्या गोळीत तसलं काही नाही. बहुतेकांच्या बीपीला काढून टाकता येईल असं एकच कारण नसतं, म्हणून गोळी पोटात आहे तोवर दाब आटोक्यात राहतो, एवढंच. आणि ‘सुटत नाही’ हेही सरसकट खरं नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं की काहींचा डोस डॉक्टर स्वतःच कमी करतात.

मामांची गोळी अम्लोडिपिनची. ती शरीरातून फार हळू बाहेर पडते, निम्मी व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. त्यामुळे बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या मशीनवर मोजलं तेव्हा 134/84 आलं. ‘बघ, गोळीशिवायही नॉर्मल!’ म्हणाले आणि मशीन कपाटात ठेवून दिलं. तो आकडा आधीच्या गोळ्यांनी आणलेला होता. पुढे ना डोकं दुखलं, ना चक्कर आली. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. आठव्या महिन्यात एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप गळून पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत, बोलायला गेले तर शब्द फुटेना. नंतर त्याच मशीनच्या पिशवीत मामींना दहाची पट्टी सापडली. त्यातल्या दोनच गोळ्या घेतलेल्या होत्या.

आता किडनी. ती लाखो बारीक रक्तवाहिन्यांची चाळणी आहे आणि वर्षानुवर्षं वाढलेला दाब तीच चाळणी खराब करतो. मधुमेह असलेल्यांच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली की टेल्मिसार्टनच्या जातीची बीपीचीच औषधं किडनी वाचवण्यासाठी देतात. सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) थोडं वाढू शकतं, म्हणून रक्त तपासायला सांगतात. किडनीची एवढी काळजी असेल तर गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक आधी थांबवा. ती किडनीलाही त्रास देते आणि बीपीही वाढवते.

‘वय अधिक शंभर’ हे जुनं गणित आहे. त्या हिशेबाने ऐंशीच्या आजोबांना 180 चालेल. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या हायव्हेट या अभ्यासात ऐंशी आणि त्यापुढच्या वयाचे, वरचा आकडा 160 किंवा जास्त असलेले लोक घेतले होते. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात मृत्यूंचं प्रमाण 21 टक्क्यांनी कमी निघालं.

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे मीठ बदलून काही साधत नाही, कमी करावं लागतं. लसूण भाजीत हवा तेवढा घाला, पण गोळीच्या जागी नको.

आणि देशी औषध की विदेशी गोळी, हा ‘आपलं विरुद्ध त्यांचं’ वाद तर मुळातच फोल आहे. बीपीवरच्या सुरुवातीच्या गुणकारी औषधांपैकी एक आपल्या सर्पगंधेतून आलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती मुळी रुग्णांना देऊन, दाब मोजून, नोंदी ठेवून 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. तीन वर्षांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे मन खचण्यासारखे दुष्परिणाम दिसले, त्याहून चांगली औषधं आली आणि ते मागे पडलं. वनस्पती असो वा गोळी, कसोटी हीच लावायची.

एक मात्र खरं आहे: गोळ्यांचा काहींना त्रास होतो. अम्लोडिपिनने काहींचे घोट्याशी पाय सुजतात, रामिप्रिल किंवा एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. पण हे डॉक्टरांना सांगितलं की औषध बदलून मिळतं. सांगायचा संकोच करून मनाने बंद करू नका. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या एकदम थांबवणं तर हृदयरोग्याला थेट धोक्याचं आहे. खर्चाची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, तिथे बीपीच्या गोळ्या मोफत देतात.