सट्ट्याच्या महसुलाचा हिशेब पुरता मांडा

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये बंदी आणली. तेव्हापासून एक युक्तिवाद सगळीकडे फिरतोय: लोक क्रिकेटवर सट्टा लावतातच, मग महाराष्ट्राने तो कायदेशीर करावा. हजारो कोटींचा कर मिळेल, बुकी संपतील, फिक्सिंग उघडं पडेल. केंद्राला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या विधी आयोगानेही हेच सांगितलंय म्हणे.

आधी पैशाचं बोलू. हा कर येतो लोक जे हरतात त्यातून. सट्टा चालवणाऱ्या कंपनीच्या कमाईवर 20 टक्के कर धरला, तर तिजोरीत 100 कोटी यायला लोकांनी 500 कोटी हरावे लागतात. तेच 500 कोटी किराण्यात, कपड्यांत, औषधांत गेले असते तर त्यावरही सरकारला कर मिळालाच असता. न्यूयॉर्क राज्य तब्बल 51 टक्के घेतं, तेव्हा कुठे वर्षाला सुमारे 1 अब्ज डॉलर जमतात. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या तुलनेत ही रक्कम अर्धा टक्काही भरत नाही. अमेरिकेतल्याच ओहायो राज्याने जानेवारी 2023 मध्ये 10 टक्क्यांनी सुरुवात केली आणि सहा महिन्यांत दर 20 वर नेला. या पैशाची सवय सरकारलाही लागते.

हरतं कोण, हे मी आमच्या गल्लीत पाहिलंय. शाळेची व्हॅन चालवणारा माणूस. बायकोची भिशी लागली, 40 हजार, मुलीच्या बारावीच्या क्लाससाठी ठेवलेले. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, या एका सेशनवर सुरुवात झाली आणि चार सामन्यांत सगळे गेले. ती माउली अजून भिशीचे हप्ते भरतेय. तो सट्टा परवान्याचा असता तर सरकारला काही हजार मिळाले असते. तिच्या हाती काय आलं असतं?

बुकी संपतील, हेही पटत नाही. बुकी उधारीवर खेळवतो, कागद मागत नाही, कर कापत नाही. परवानाधारक कंपनीला यातलं काहीच करता येत नाही. महाराष्ट्राने 1969 मध्ये स्वतःची लॉटरी काढली, तरी मटका त्यानंतरच्या दशकातच जास्त फोफावला.

फिक्सिंगबद्दल एक गोष्ट मान्य करतो: अधिकृत नोंदी असल्या की संशयास्पद पैसा लवकर दिसतो. पण थांबत नाही. सट्टा कायदेशीर असलेल्या इंग्लंडमध्येच, 2010 साली लॉर्ड्सवर, पैसे घेऊन नो-बॉल टाकले गेले.

राहिला विधी आयोग. जुलै 2018 चा 276 वा अहवाल अर्धवट सांगितला जातो. गैरसमज पसरल्यावर आयोगाने लगेच खुलासा केला होता: सध्याच्या परिस्थितीत भारतात सट्टा कायदेशीर करणं इष्ट नाही. बंदी राबवणं अशक्यच असेल तर कडक नियमन, एवढाच दुसरा पर्याय त्यांनी ठेवला. त्यातही अट अशी की सरकारी अनुदान घेणाऱ्यांना आणि आयकराच्या किंवा जीएसटीच्या कक्षेत न येणाऱ्यांना खेळू द्यायचं नाही.

म्हणजे रेशनवर धान्य घेणारी घरं बाहेर, आमचा व्हॅनवालाही बाहेर. हजारो कोटींचा तो आकडा या माणसांना धरून काढलाय की वगळून, तेवढं आधी सांगा.