‘सत्तर वॅटचं खेळणं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

अनामिक साहेब,

होम थिएटरचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं मुख्य यंत्र) कोणता घ्यावा या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर लांबणार हे दिसत होतं, म्हणून तिथंच खाली न लिहिता वेगळी नोंद टाकतोय. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे शब्द आधी जसेच्या तसे देतो:

“लेख वाचून करमणूक झाली. लातुरात बसून कॅटलॉगवरून होम थिएटर शिकवू नका. ७०-८० वॅटचा रिसीव्हर म्हणजे खेळणं, चॅनेलला दीडशे वॅटच्या खाली बघूच नये. ईएआरसी, अ‍ॅटमॉस, चार ओहमचे स्पीकर यावर धड काही नाही. तिकडं चांगला माल मिळत नसेल तर अमेरिकेतल्या कुणाला तरी आणायला सांगा, निम्म्यात पडेल.”

टीकेचं मला काही वाटत नाही. लिहिणाऱ्यानं ऐकून घ्यावंच. पण ‘लातुरात बसून’ म्हणजे काय हो? इथं बसून पोरं डॉक्टरकी-इंजिनियरिंगच्या परीक्षा काढतात, तेव्हा ‘लातूर पॅटर्न’ म्हणून तुमच्याकडचेच लोक क्लासची चौकशी करत येतात. डेसिबलचं गणित आमच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत, वेगळं आणि तुमच्याकडं वेगळं, असं आहे का? तुम्ही कुठं राहता ते लिहिलेलं नाही, नावही दिलेलं नाही. मी मात्र माझ्या नावानं, माझ्या गावातून लिहितो. ‘करमणूक झाली’ हेही मला कळलं नाही. लेख विनोदी नव्हता. ज्याचं बजेट पंचवीस-तीस हजारांत संपतं आणि ज्याची बैठकीची खोली बारा बाय पंधराची आहे, त्याच्यासाठी तो होता, आणि हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही. असो.

आता तुमच्या त्या दीडशे वॅटकडं येतो, कारण सगळ्या प्रतिक्रियेत ठामपणे म्हटलेलं वाक्य तेवढं एकच आहे.

खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा कोणत्या अटीवर मोजला, हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो. उदाहरण म्हणून यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ घ्या, अगदी साधा ५.१ चा रिसीव्हर, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर). कंपनीच्याच माहितीपत्रकात त्याचे तीन आकडे आहेत. दोन चॅनेल (म्हणजे दोन स्पीकरचे मार्ग) चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असा कानाला ऐकू येणारा पूर्ण पट्टा, सहा ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), विकृती (आवाज किती बिघडतो ते) ०.०९ टक्के: ७० वॅट. एकच चॅनेल चालू, फक्त एक किलोहर्ट्झचा सूर, विकृती ०.९ टक्के: १०० वॅट. तेच एक चॅनेल, तोच सूर, विकृती १० टक्क्यांपर्यंत जाऊ दिली: १३५ वॅट. मशीन एकच, ट्रान्सफॉर्मर तोच, एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. मग तुमच्या हिशेबानं हे ‘७० वॅटचं खेळणं’, की ‘जवळजवळ दीडशे वॅटचा दमदार रिसीव्हर’? दुकानदार तुम्हाला तिसरा आकडा सांगणार, कारण तो मोठा आहे. मी लेखात पहिला सांगितला, कारण तो खरा आहे. आणि दहा टक्के विकृती म्हणजे काय ते ऐकायचं असेल तर एखाद्या लग्नाच्या वरातीमागं चाला.

यंत्राच्या मागच्या पाटीवर वीजवापराचा आकडा असतो, तोही कधी वाचून बघा. खोक्यावरच्या वॅटला चॅनेलच्या संख्येनं, म्हणजे पाचनं किंवा सातनं, गुणून जे येतं त्याच्या मानानं तो बराच लहान असतो. पाटीवरचा आकडा कमाल वापराचा नसतो, हे मला ठाऊक आहे, उगाच त्यावरून आणखी एक प्रतिक्रिया टाकू नका. पण भिंतीतून जेवढी वीज आत जाते त्याहून जास्त बाहेर पडत नाही, एवढं तरी आपण दोघं मान्य करू. सगळे चॅनेल एकदम चालवले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं, म्हणून तर कंपन्या ‘दोन चॅनेल चालू असताना’ अशी अट बारीक अक्षरात लिहितात. एकेकाळी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे (क्षणभराच्या फुगवलेल्या वॅटचे) हजारांतले आकडे छापून यायचे, आठवतं का? तसले आकडे बघून माल घेणारे अजून आहेत, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून कळलं.

दुसरी गोष्ट. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. तीन डेसिबल वाढतात, बस. ७५ चे १५० केले तर रिमोटवर दोन-चार वेळा बटन दाबल्यावर जेवढा फरक पडतो तेवढाच पदरात पडतो. कानाला दुप्पट वाटावा असा आवाज हवा तर साधारण दहापट वॅट लागतात. तेच तीन डेसिबल ८६ ऐवजी ८९ सेन्सिटिव्हिटीचा (एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल, तो आकडा) स्पीकर घेतला की आपोआप मिळतात. हे लेखात होतं. मधोमध होतं, म्हणून कदाचित निसटलं असेल.

तुमच्यासाठी हिशेबच मांडतो. स्पीकर ८८ डेसिबलचा धरू, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर ८८. सोफा तीन मीटरवर, म्हणजे साडेनऊ डेसिबल वजा. (बंद खोलीत भिंतींमुळं प्रत्यक्षात एवढे जात नाहीत, पण तुमच्या बाजूनं कडक हिशेब धरतो.) उरले साडेअठ्ठ्याहत्तर, एका वॅटला. चित्रपटगृहाच्या मानकात एका चॅनेलचं शिखर (क्षणभराचा सगळ्यात मोठा आवाज) १०५ डेसिबल असतं. तेवढंच घरात पाहिजे असेल तर साडेचारशे वॅटच्या घरात जावं लागतं, तिथं तुमचे दीडशेसुद्धा अपुरे. दहा डेसिबल खाली या, ९५ वर, की ४५ वॅटमध्ये काम होतं. आणि ९५ ची शिखरं म्हणजे काही हळू आवाज नव्हे. आमच्या कॉलनीत रात्री दहानंतर तेवढ्यावर मारामारीचा प्रसंग लावला तर शेजारचे काका बनियनवर दारात येऊन उभे राहतील. शिवाय ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडं वळवलेलं असतं, आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या स्वतःच्या पोटात असतो. सगळ्यात जास्त वीज खाणारं ओझं रिसीव्हरच्या डोक्यावरून आधीच उतरलेलं असतं. मग सांगा, दीडशे वॅटची अट कुठून आली?

‘कॅटलॉगवरून’ हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. आमच्या नानांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, सप्ताह, जयंती, निवडणुकीच्या सभा. घरात पलंगाखाली भोंगे आणि माळ्यावर अहुजाचे अ‍ॅम्प्लिफायर, अशा घरात मी वाढलोय. शाळेच्या सुट्टीत खांबावर चढून भोंगा बांधणं आणि खाली उतरून वायरी सोलणं हे माझं काम. भोंग्याच्या मागं जे युनिट बसवतात ते तीस-चाळीस वॅटचं असायचं, आणि हरिपाठ शेवटच्या शेतातल्या आखाड्यावर ऐकू जायचा. का? कारण भोंगा एका वॅटला १०५ डेसिबलच्या पुढं जातो. घरातल्या लहान स्पीकरपेक्षा वीस डेसिबल जास्त, म्हणजे भोंग्याच्या एका वॅटचं काम करायला त्या स्पीकरला शंभर वॅट पाजावे लागतात. हे मला कुण्या कॅटलॉगनं शिकवलेलं नाही. “वॅट इचारू नको, भोंगा कुठला हाय ते इचार,” असं नाना गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि त्यांना डेसिबल हा शब्दही माहीत नव्हता. तुम्ही तुमच्या हातानं आजवर किती वायरी सोलल्या, हे विचारण्याचा मोह मी आवरतो.

उन्हाळ्याचं एक राहिलं. मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, परभणीकडं त्याहूनही वर. रिसीव्हर बहुतेकांच्या घरी शोकेसच्या काचेमागं असतो, वर देवाचा फोटो आणि दोन ट्रॉफ्या. रिसीव्हरमधल्या नेहमीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये विजेचा बराच भाग उष्णतेत जातो. जेवढं मोठं धूड तेवढी त्याला हवा जास्त लागते, आणि ती नाही मिळाली तर ऐन क्लायमॅक्सला यंत्र प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतं. त्यामुळं मी लोकांना वॅट वाढवायच्या आधी शोकेसची मागची फळी काढायला सांगतो. त्यावर लेखात तीन ओळी होत्या. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

खोलीचंही तसंच. इथं खाली शहाबादी फरशी किंवा टाईल, वर स्लॅब, भिंती कोऱ्या. टाळी वाजवली तर घुमते. अशा खोलीत दीडशे वॅट ओतले तर संवाद आणखी गिचमिड होतात. सोफ्यापुढं जाड सतरंजी टाका, मागच्या भिंतीवर आजीची वाकळ अडकवा, मग रिसीव्हरसोबत खोक्यात आलेला मायक्रोफोन सोफ्यावर ठेवून मोजणी चालवा. मोजणीतून रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी जुळवून घेतो. फरक तुम्हालाही कळेल.

आता बाकीचे मुद्दे, थोडक्यात.

ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनं रिसीव्हरकडं परत नेणाऱ्या एआरसीची सुधारलेली आवृत्ती): ज्याच्याकडं ब्लू-रे आहे आणि तो टीव्हीला जोडून आवाज टीव्हीमार्फत रिसीव्हरकडं न्यायचाय, त्याला ट्रूएचडीसाठी (ब्लू-रेवरच्या डॉल्बीच्या पूर्ण दर्जाच्या आवाजासाठी) ईएआरसी लागतं. ब्लू-रे सरळ रिसीव्हरला जोडला की प्रश्नच मिटतो. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या प्रकारातून येतो आणि टीव्ही-रिसीव्हर दोघांची तयारी असेल तर साध्या एआरसीतूनही जातो. मात्र ऑप्टिकल केबलमधून तो जात नाही, ही ओळ लेखात असायला हवी होती. आज टाकली आहे. बघा, योग्य ते मी मान्य करतो.

अ‍ॅटमॉस: ५.१.२ (५.१ आणि वरचे दोन) करायचं म्हणजे सात चॅनेलचा रिसीव्हर आणि वरून आवाज देणारे दोन स्पीकर. भाड्याच्या घरात स्लॅबला भोकं पाडू देणारा मालक तुम्हाला भेटला असेल तर पत्ता कळवा. तोवर पाच चांगले आणि एक सबवूफर, यावर मी ठाम आहे.

चार ओहम: ज्याला तसले स्पीकर परवडतात, त्याला माझ्या लेखाची गरज नाही.

आणि अमेरिकेहून मागवा हा सल्ला. साहेब, तिकडचं यंत्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. आपल्याकडं २३०, ५० हर्ट्झ. मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, आणि घरातल्या कुणी पाहुणा आल्यावर टेबल सरकवताना प्लग सरळ भिंतीत घातला की संपलं. असं झालेलं यंत्र माझ्याकडं एकजण घेऊन आला होता, उघडल्यावर आत काय दिसलं ते लिहीत नाही. इथली वॉरंटी त्याला लागू नाही. वर आमच्याकडं संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की काही भागांत व्होल्टेज खाली येतं आणि मोटारी बंद झाल्या की झटक्यात वर जातं. ट्रान्सफॉर्मर त्याच प्रमाणात खाली-वर देणार. ‘निम्म्यात पडेल’ म्हणताना हे सगळं धरलं होतं का? नसणार. तुमच्याकडं वीज जात नसेल, राव.

चांगला माल इथं ऐकायला मिळत नाही, हे मात्र खरं. त्यासाठी पुण्याला किंवा हैदराबादला जावं लागतं आणि डेमोच्या खोल्या इतक्या सजवलेल्या असतात की तिथं ऐकलेलं घरी येत नाही. पण तुमचा मुद्दा तो नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर तुमचा रिसीव्हर कोणता, स्पीकर किती डेसिबलचे आणि सोफा किती लांब, एवढं सोबत लिहा. नुसतं ‘खेळणं’ म्हटल्यावर मी पुन्हा उत्तर देणार नाही.

जालन्याच्या वाचकांनी वायरीबद्दल विचारलं होतं, त्यांचं उत्तर या भानगडीत राहून गेलं. आठ ओहमचे स्पीकर आणि तीसेक फुटांपर्यंत अंतर असेल तर दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) वायर पुरते. पूर्ण तांब्याची घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते, ती नको. ओळखायची असेल तर टोक कापून ब्लेडनं खरवडा, आत पांढरं दिसलं तर दुकानदाराला परत द्या.