पंचवीस अंशांचे सुख

बेळगावच्या हवेचे कौतुक करताना आम्ही बेळगावकर थकत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या या गावाला पूर्वी ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणत, हे तर आम्ही पाहुण्याला चहाच्या आधीच सांगतो. मात्र प्रयोगशाळांत ज्याला मुद्दाम २५ अंश सेल्सिअसमध्ये लाडाने वाढवतात, तो जीव आमच्या स्वयंपाकघरात विनामूल्य तीच सोय उपभोगतो, हे कळल्यापासून माझा अभिमान जरा ओसरला आहे.

हा जीव म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, आपले तांबड्या डोळ्यांचे, जेमतेम तीन मिलिमीटरचे चिलट. बागेत कच्च्या आंब्याला टोचणारी फळमाशी निराळी. चिलट खानदानी असल्यामुळे फळ पिकून आंबू लागेपर्यंत थांबते. खानापूरकडचा फणस आणि आंब्याची पाटी एकाच आठवड्यात घरी आली, की आंबण्यातून उठणाऱ्या मद्यार्काच्या आणि सिरक्याच्या वासावर ही मंडळी न बोलावता जमतात. मादी आयुष्यात चारेकशे अंडी घालू शकते, अळी एका दिवसात बाहेर येऊन यीस्टवर पोसते आणि दहाएक दिवसांत तिचे चिलट होते. नवी मादी तर जन्मल्यानंतर बारा तासांच्या आतच संसाराला तयार असते. आमच्याकडे तेवढ्या वेळात मुलीची पत्रिकासुद्धा सापडत नाही.

बरे, मारावे तर घराणे मोठे. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये याच कुळातला पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला, त्यावरून जनुके गुणसूत्रांवर असतात हे उलगडत गेले आणि १९३३ चे नोबेल त्यांना मिळाले. यांचे भाऊबंद १९४७ मध्येच अग्निबाणातून अंतराळात जाऊन जिवंत परतले. अशांवर वर्तमानपत्र उगारताना हात अवघडतो. शिवाय ते खाली येण्यापूर्वीच चिलट धोक्याच्या उलट दिशेला झेपावण्यासाठी पाय रोवून बसलेले असते.

शेवटी मी वाटीत व्हिनेगर घेऊन त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि पृष्ठभागावर टेकणारे चिलट बुडते. सकाळी वाटीत बरीच प्रेते होती. ती मी आईला विजयाने दाखवली आणि सालीवर पुढची पिढी असणारच, तेव्हा पिकलेले आंबे धुऊन फ्रिजमध्ये ठेवू, असे सुचवले.

“फ्रिजात ठेवलं की आंब्याची चवच जातीय,” आई म्हणाली, “आणि व्हिनेगर कशाला नासायलास रे? लोणच्याला लागतंय ते.”