गोऱ्ह्याच्या पुस्तकाची पानं सुटली, ती चूक आमचीच

ताई, नमस्कार.

आमच्या छापखान्यात छापलेल्या तुमच्या बालपुस्तकाबद्दलचा अभिप्राय परवा रात्री वाचला. काल सकाळी आमच्याकडची ठेवणीतली प्रत काढली आणि ती उघडून बघत बसलो. दोन तारे दिलेत, तक्रारी चार आहेत. पानं सुटली, पोपटी रंग शेवाळी आला, ‘गोऱ्हा’ शब्द फुटला आणि २४ पृष्ठांच्या पुस्तकाला प्रतीमागे २१० रुपये म्हणजे लूट. शिवाय ‘त्यापेक्षा ॲमेझॉनवर छापलं असतं तर हार्डकव्हर तरी मिळालं असतं’ असंही म्हणालात. स्वतःचं बालपुस्तक काढायला निघालेले आणखीही लोक हे वाचतील, म्हणून फोन न करता इथेच लिहितो.

पानांचं आधी. त्यात आमची बाजू नाहीच. २४ पृष्ठं म्हणजे मोजून १२ पानं, १३० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा आर्ट पेपर. सगळा गठ्ठा मिळून कणा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. एवढ्याशा कण्याला गरम गोंद धरणार किती? त्यात आर्ट पेपर गुळगुळीत, गोंद आत मुरतच नाही. आणि लहान मूल पुस्तक हलक्या हाताने उघडत नाही, जमिनीवर पालथं घालून वर कोपर टेकवतं. ‘दुकानातल्या पुस्तकासारखा चौकोनी कणा हवा’ असं तुम्ही म्हणालात आणि काउंटरवरच्या मुलाने ‘होईल’ म्हणून टाकलं. ‘नाही’ म्हणायला हवं होतं. एवढ्या पानांना सेंटर पिनच, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेली बांधणी. पृष्ठांची संख्या चारच्या पटीत लागते, तुमची २४ आहेत, म्हणजे काहीच अडत नव्हतं.

प्रत बघताना मला आणखी एक दिसलं, जे तुम्ही लिहिलेलं नाही. पृष्ठ १० आणि ११ वर गोऱ्हा ओढ्यावर पाणी पितोय. शेपटी डावीकडे, तोंड उजवीकडे. त्याचा अख्खा गळा मधल्या बांधणीत गेलाय. घंटाही! सेंटर पिनला पुस्तक सपाट उघडतं, तिथे हे झालं नसतं. पंचवीसही प्रती नव्याने करून देतो, पैसे नाहीत. जुन्या प्रती न्यायला आमचा माणूस येईल. पिनेची टोकं आतल्या बाजूला नीट दाबलेली असतात, पण वाचक अगदीच लहान असतील तर दोरा शिवून देऊ. त्याचेही पैसे नकोत.

आता रंग. इथे मात्र थोडं ऐकून घ्या. चित्रं तुम्ही टॅबवर काढलीत. पडद्यावरचा रंग हा उजेड असतो, कागदावर फक्त चार रंगांची मिसळण. तो झगझगीत पोपटी त्या चार रंगांतून निघतच नाही, आमच्या मशीनवर नाही आणि दुसऱ्या कुणाच्या चार रंगांच्या मशीनवरही नाही. गडद जांभळा आणि निऑन गुलाबी यांचीही तीच गत. मुखपृष्ठाला तुम्ही मॅट लॅमिनेशन, म्हणजे बिनचमकीचा प्लास्टिकचा थर घेतलात, त्याने रंग आणखी एक पायरी खाली बसला. ‘आधी एक प्रत काढून दाखवतो, दोन दिवस लागतील’ असा निरोप आम्ही पाठवला होता. भाचीचा वाढदिवस तोंडावर होता, म्हणून ‘थेट छापा’ असं तुमचं उत्तर आलं. हे तुमच्यावर ढकलत नाही. पहिल्यांदाच पुस्तक काढणाऱ्याला पोपटीचा शेवाळी होतो हे कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. यापुढे चित्रांचं पुस्तक एक प्रत हातात देऊन होकार घेतल्याशिवाय आम्ही छापणार नाही, घाई कितीही असो.

‘गोऱ्हा’चं निम्मं निम्मं. फाइल वर्डमध्ये आली, तीही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये बदलताना ‘ऱ्ह’ मोडला आणि ‘गोर्हा’ झाला. ११ ठिकाणी. नऊ आम्ही सुधारले, पृष्ठ ७ आणि १८ वरचे राहिले. आमच्या अटींत मुद्रितशोधन, म्हणजे छापण्याआधी चुका तपासणं, लेखकाकडे आहे, पण मजकुराला हात आम्ही लावला होता, तेव्हा हे दोन आमच्याच खात्यावर. माझे वडील छपाईचे खिळे जुळवायचे, एकेक अक्षर हाताने, त्यांनी असं पान दाराबाहेर जाऊ दिलं नसतं. फाइल कुणालाही द्या, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि तिची प्रिंट काढून ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ एवढे तरी बोट ठेवून तपासा.

लूट हा शब्द मात्र मला मान्य नाही. तुमचं पुस्तक साडेआठ इंच चौरस. उघडलं की १७ बाय साडेआठ. आमच्या १३ बाय १९ च्या कागदावर ते एकच बसतं आणि उरलेली पट्टी रद्दीत जाते. ए५, म्हणजे ए४ च्या निम्मा आकार घेतला असता तर त्याच कागदावर दोन बसली असती. कोटेशनमध्ये दोन्ही दर दिले होते. चौरस पुस्तक देखणं दिसतं हे खरं, पण ती पट्टीही कुणाला तरी विकत घ्यावी लागते. तुम्हाला दुसरीकडे प्रतीमागे ६० रुपये सांगितले ते ऑफसेटचे, म्हणजे आधी प्लेट बनवून छापायच्या पद्धतीचे, १००० प्रतींचे. प्लेटचा खर्च २५ प्रतींना तोच आणि हजारांनाही तोच. म्हणजे ६०,००० रुपये आणि पलंगाखाली गठ्ठे. पाचशे प्रती नक्की खपणार असतील तर ऑफसेटलाच जा, पत्ता मी देतो.

ॲमेझॉनचं सांगायचं तर त्यांच्या केडीपीवर, म्हणजे स्वतःचं पुस्तक स्वतः काढायच्या सेवेवर, हार्डकव्हरला किमान ७५ पृष्ठं लागतात आणि पेपरबॅकला २४. म्हणजे तुम्हाला पेपरबॅकच मिळालं असतं, आणि तिथेही पेपरबॅक गोंदानेच बांधतात. छापील पुस्तकाला मराठी चालते का, हेही आधी बघावं लागतं. ई-बुकच्या यादीत मराठी आहे म्हणून छापीलमध्येही असेल असं धरू नका.

जाता जाता, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, मिळवून देणाऱ्याला तुम्ही तीन हजार दिल्याचं बोलला होतात. तो क्रमांक नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज केला की फुकट मिळतो. पुढच्या पुस्तकाला ते पैसे वाचवा.

सेंटर पिनची डमी, म्हणजे नमुना प्रत, गुरुवारी तयार असेल. येताना टॅब घेऊन या. हिरव्याच्या चारपाच पट्ट्या त्याच कागदावर छापून ठेवतो, कुरणाला कुठला लावायचा ते तुम्हीच सांगा.