घरचे दुःख आणि प्रवेशाचा निबंध : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी, सादर नमस्कार.

माझ्या चुलतबहिणीची मुलगी अमेरिकेत वाढली आणि आता तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज करते आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी तिच्या मोठ्या मामांनी केलेल्या आत्महत्येचा उल्लेख तिने अर्जाच्या निबंधात करावा, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत : घरची लक्तरे वेशीवर टांगून जागा मागणे शोभत नाही, ज्या वावरात ती कधी राबली नाही त्याचे दुःख तिने आपले म्हणून दाखवू नये, आणि ज्या मामीचे हे आयुष्य आहे तिला कोणी विचारले काय? अनेकांनी आपल्या म्हणण्याला दुजोरा दिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे ‘नीट’मध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात; उमेदवाराच्या घरी काय घडले हे तिथे कोणी विचारत नाही, त्यामुळे स्वतःहून ते सांगणे आपल्याला याचनेसारखे वाटते. अमेरिकेतल्या सामायिक अर्जात मात्र गुणपत्रक आणि प्रवेश परीक्षेचे गुण यांच्यासोबत ‘मला डॉक्टर का व्हायचे आहे’ या विषयावर, रिकाम्या जागा धरून ५,३०० अक्षरांचा निबंध लिहावाच लागतो आणि तोच निबंध निवडलेल्या सर्व महाविद्यालयांकडे जातो. शिवाय २०२३ पासून त्या अर्जात १,३२५ अक्षरांची एक वेगळी, ऐच्छिक जागा आहे. वाटेत आलेल्या अडचणी सांगायच्या असतील तर तिथे सांगता येतात. मामांच्या मृत्यूनंतर माझ्या मेहुण्यांच्या पगारावर दोन घरे चालली, मुलीने कॉलेज सांभाळून संध्याकाळी दुकानात काम केले आणि त्याच वर्षी तिचे गुण घसरले. गुणपत्रक वाचणाऱ्याला ही घसरण दिसणारच आहे. तिचे कारण न सांगण्यात कोणता स्वाभिमान आहे, हे मला खरोखर कळत नाही.

तरीही आपला पहिला आक्षेप मला परका वाटत नाही, कारण त्याचे मूळ आपल्याच गावांत आहे. कास्तकाराने जीव दिला की त्याच्या बायकोला पोलिसांच्या पंचनाम्यापासून पटवारी आणि तहसीलदारापर्यंत तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागते. सातबारा कोणाच्या नावावर होता, कर्ज बँकेचे की सोसायटीचे की परवाना असलेल्या सावकाराचे, वसुलीचा तगादा होता की नाही, हे सारे तपासून समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते, आणि पात्र ठरले तरी मदत १ लाखाची, तीही बहुतांश ठेवीत अडकलेली. बिनपरवाना सावकाराकडून घेतलेले कर्ज कागदावर दिसत नाही, म्हणून कितीतरी घरे त्यातून वगळली गेली. त्या विचारपूशीत बाईने काय सांगायचे हे दुसरा ठरवतो आणि सांगितलेले पुरेसे दुःखद आहे की नाही हेही दुसराच ठरवतो. (पुढाऱ्यांच्या भेटी आणि त्यांच्यासोबत येणारे कॅमेरे यांबद्दल मी न लिहिलेलेच बरे.) हे सारे जवळून पाहिलेल्या माणसाला कोणत्याही अर्जातले दुःख विक्रीला काढल्यासारखे वाटले, तर नवल नाही.

निबंधात मात्र काय सांगायचे आणि काय गाळायचे हे लिहिणाऱ्याच्या हाती असते, आणि तिथे दुःखाच्या आकाराला गुण नाहीत. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई केली. त्या निकालातही मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी म्हटले आहे की भेदभावावर मात करणाऱ्या विद्यार्थ्याला श्रेय द्यायचे असेल, तर ते त्याने दाखवलेल्या धैर्याशी आणि निर्धाराशी जोडलेले असले पाहिजे. प्रश्न तिथे वंशाचा होता, पण घरच्या हालअपेष्टांना लावायची कसोटीही मला हीच वाटते. म्हणूनच मुख्य निबंधात मामांसाठी तीन-चार वाक्ये पुरेत आणि बाकीची जागा तिने स्वतः काय केले, रुग्णांच्या सहवासात काय पाहिले, यासाठी ठेवावी, असे मी सुचवले होते. मुलाखतीत ज्याबद्दल शांतपणे बोलता येणार नाही ते लिहूच नये, हेही त्याच लेखात आहे, कारण अर्जातल्या कोणत्याही ओळीवर तिथे प्रश्न येऊ शकतो.

वावराबद्दल आपण म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. सुट्टीत दोन-तीनदा गावी आलेल्या मुलीने पराटीला लागलेल्या बोंडअळीचे वर्णन कास्तकाराच्या तोंडून करणे खोटेपणाचे होईल. तिने लिहायचे ते फोनच्या तिच्या टोकाला जे घडले ते : आईचे रात्रभर जागे राहणे, वडिलांचे हिशेब, स्वतःची नोकरी. तेवढे तिचे आहे आणि ते तिच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये.

राहिला मामीचा प्रश्न. मसुदा मराठीत करून मी तो तिला वाचून दाखवला होता. कर्जाचा आकडा आणि औषधाचे नाव तिने काढायला लावले. गावाचे नावही नको म्हणाली. पुढच्या हंगामात वावर तिने स्वतः पेरले, हे मसुद्यात नव्हते; ते घालायला सांगितले. हे सगळे बदल करूनच मुलीने अर्ज पाठवला. तो मजकूर येथे छापावा, असे काही वाचकांनी सुचवले आहे, पण मामीने होकार दिला तो अर्जापुरता, म्हणून तो देत नाही.